आधी रहिवाशांची हमी, मग सुधारणेची घोषणा

प्रति,
शहरांचा कारभार पाहणारे लोकप्रतिनिधी, आयुक्त आणि नगरनियोजनकार यांस,

विषय: वाढती घरभाडी आणि जमिनीचे चढे दर यांमुळे जुन्या वस्त्यांतून होणारे रहिवाशांचे विस्थापन

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी भाड्याच्या घरात राहणारा एक नागरिक आहे. हे पत्र घरमालकांना किंवा विकासकांना न लिहिता मी आपल्याला लिहीत आहे, त्याला कारण आहे. वस्तीतले भाडे वाढले की राग घरमालकावर निघतो आणि तो पुष्कळदा रास्तही असतो. पण ज्या भाववाढीचा तो फायदा उठवतो ती त्याने एकट्याने घडवलेली नसते. रेल्वेचा नवा मार्ग कोठून जाईल, कोणत्या पट्ट्यात किती मजले चढवता येतील, बंद पडलेल्या गोदीच्या किंवा कारखान्याच्या जागेवर बाग होईल की व्यापारी संकुल, हे आपण ठरवता. तो निर्णय जाहीर होतो त्या दिवशी जमिनीचा भाव चढतो, आणि त्या जमिनीवर राहणाऱ्या भाडेकरूचा तिथला मुक्काम किती उरला आहे हेही बहुधा त्याच दिवशी ठरून जाते. म्हणून माझी मागणी क्रमाविषयी आहे. रहिवाशांना संरक्षण द्यायचे असेल, तर ते सुधारणेच्या घोषणेआधी दिले गेले पाहिजे. नंतर दिलेले संरक्षण बहुतेक वेळा, ज्यांच्यासाठी ते आखले ती माणसे निघून गेल्यावर लागू होते.

ही प्रक्रिया नवी नाही आणि ती आपल्याला ठाऊक नाही असेही नाही. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनमधील कामगार वस्त्यांबद्दल लिहिले होते की, मध्यमवर्गीय कुटुंबे तिथली जुनी घरे घेऊ लागली की हा ओघ पाहता पाहता वेग घेतो आणि मूळचे बहुसंख्य कामगार रहिवासी बाहेर पडेपर्यंत थांबत नाही. पुढे १९७९ मध्ये भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी त्यामागचे अर्थकारण मांडले. एखाद्या जमिनीपासून आज मिळणारे उत्पन्न आणि तिचा ‘सर्वोत्तम’ वापर केला तर मिळू शकणारे उत्पन्न यांत दरी पडत जाते आणि ती पुरेशी रुंद झाली की भांडवल त्या वस्तीत परत येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मांडणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग दुर्लक्षाचा आहे. वस्ती आधी बकाल होऊ दिली जाते. गटारे तुंबलेली राहतात, दुरुस्तीला कर्ज मिळत नाही, शाळेतले शिक्षक बदली मागून निघून जातात, आणि हे सगळे सोसत तिथे टिकून राहिलेल्या माणसांमुळेच ती वस्ती वस्ती म्हणून शिल्लक राहते. मग एक दिवस सुधारणा येते, आणि पडत्या काळाचा सगळा भार ज्यांनी उचलला त्यांना चढत्या काळात तिथे जागा उरत नाही. दरीची एक कड आपल्या दुर्लक्षाने खाली जाते आणि दुसरी आपल्या आराखड्याने वर चढते, हे लक्षात घेतले तर या प्रकरणी बाजाराकडे बोट दाखवून हात झटकणे आपल्याला शोभणारे नाही.

घोषणा आणि काम यांतल्या अंतराकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. न्यूयॉर्कमध्ये वापरातून गेलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर उभारलेली ‘हाय लाइन’ ही बाग जगभरच्या नियोजनकारांना दाखवली जाते आणि ती आहेही देखणी. तिचा पहिला टप्पा लोकांसाठी २००९ मध्ये खुला झाला. पण भोवतालच्या पट्ट्यात उंच इमारतींना वाट करून देणारा जमिनीचा वापरबदल २००५ मध्येच मंजूर झाला होता. म्हणजे बागेत पहिला माणूस फिरायला येण्याच्या चार वर्षे आधी त्या जमिनींचे नवे मोल कागदावर आले होते. या बागेच्या दोन संस्थापकांपैकी एक असलेले रॉबर्ट हॅमंड यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले की, जवळच्या सार्वजनिक गृहसंकुलांतल्या रहिवाशांच्या बाबतीत आपण कमी पडलो. बाग कशी दिसावी हे विचारले, पण तुम्हाला काय हवे आहे हे विचारायला हवे होते. तरीही तिथली सार्वजनिक संकुले बाग झाल्यावरही वर्षानुवर्षे जागेवर राहिली, कारण ती बाजारात नव्हती. खासगी भाडेकरूला असा आधार कोठेच नसतो.

आता विस्थापन प्रत्यक्षात कसे होते ते पाहू, कारण आपल्या कार्यालयात ते ज्या रूपात पोहोचते आणि जिन्यात ते ज्या रूपात घडते त्यांत फार फरक आहे. पोलीस, बुलडोझर, रस्त्यावर फेकलेले सामान हे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, आणि तसे काही घडले नाही म्हणजे विस्थापन झालेच नाही असा आपला समज होतो. नेहमीची रीत वेगळी असते. इमारत नव्या मालकाकडे जाते. पाण्याचा पंप बिघडला की तो दुरुस्त व्हायला तीन-तीन आठवडे लागू लागतात. जिन्यातला दिवा गेला तो गेलाच. रिकामी झालेली खोली पुन्हा भाड्याने न देता तिला बाहेरून फळ्या ठोकतात. वरच्या मजल्यावर नूतनीकरण सुरू होते आणि दिवसभर भिंती फोडल्याची धूळ खालच्या घरातल्या भांड्यांवर बसते. अशा अवस्थेत एक माणूस येतो. तो आवाज चढवत नाही, उलट सौजन्याने वागतो, घर सोडण्याबद्दल एक रक्कम सांगतो आणि ती महिनाअखेरपर्यंतच मिळेल हेही सांगतो. कागदोपत्री हा परस्परसंमतीने संपलेला भाडेकरार असतो. करारच मुदतीचा असेल तर एवढेही करावे लागत नाही; मुदत संपल्यावर नवे भाडे सांगितले की पुरते.

या दुसऱ्या प्रकाराची नोंद आपल्या कोणत्याही रजिस्टरात नसते. न्यायालयाच्या हुकमाने घर रिकामे झाले तर निदान खटल्याचा क्रमांक तरी असतो. भाडे न झेपल्याने निघून गेलेल्या कुटुंबाची मात्र कोठेच मोजदाद होत नाही. उलट त्याच्या जाण्याने आपली आकडेवारी सुधारते. कमी उत्पन्नाचे कुटुंब गेले, त्या जागी अधिक उत्पन्नाचे आले, की वस्तीचे सरासरी उत्पन्न वाढते, शिक्षणाचे प्रमाण वाढते, मालमत्ता कराची वसुली वाढते, आणि वार्षिक अहवालात ती वस्ती ‘उन्नत’ ठरते. एकाही गरिबाची मिळकत न वाढता गरिबी कमी झाल्याचे हे गणित आहे. आपल्या विभागातले सगळेच हा हिशेब जाणूनबुजून मांडतात असे मी म्हणणार नाही. परंतु माणसांचा माग न काढता जागेची मोजमापे घेत राहिले की उत्तर असेच येणार.

जे जातात ते कोठे जातात, हाही प्रश्न त्यामुळे विचारला जात नाही. ते बहुधा शहराच्या कडेला जातात, जिथे भाडे कमी आणि प्रवास लांब असतो. कामाला जाता-येता दररोज तीन तास लागू लागले तर सहा दिवसांच्या आठवड्यात अठरा तास होतात, म्हणजे दोन कामाच्या दिवसांहून अधिक वेळ पगाराविना गेला. घरकाम करणारी, रात्रपाळी करणारी, दिवसातून दोन ठिकाणी काम करणारी माणसे यांना हा वेळ आणायचा कोठून? दोनपैकी एक काम सुटते. मुलाची शाळा वर्षाच्या मध्ये बदलते. आजारी माणसाकडे दुपारी डोकावणारी शेजारीण नव्या ठिकाणी नसते, आणि तिने फुकट दिलेली ती मदत नंतर पैसे मोजूनच मिळवावी लागते. घरभाड्यात जे वाचले ते असे दुसऱ्या वाटांनी निघून जाते. शिवाय सगळ्यांचे नुकसान सारखे नसते. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याला निदान भाव चढल्याचा लाभ विकताना मिळतो, जरी वाढत्या मालमत्ता करापायी निवृत्त माणसाला घर विकणे भाग पडत असले तरी. भाडेकरूला तेही नाही. आणि ज्याच्या नावावर करार नाही असा पोटभाडेकरू किंवा घरातच छोटा धंदा करणारा तर कोणत्याच यादीत येत नाही.

आपण म्हणाल की, हरकती आणि सूचना मागवण्याची तरतूद आहे. ती आहे, आणि तिचे स्वरूप एकदा जवळून पाहावे अशी माझी विनंती आहे. सूचना बारीक टाइपात छापली जाते. सुनावणी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात असते. भिंतीवर मोठा नकाशा लावलेला असतो. त्यात निवासी भाग एका रंगात, व्यापारी दुसऱ्या रंगात, रस्तारुंदीची रेघ तांबडी. ज्या बाईचे अर्धे आयुष्य त्या गल्लीत गेले तिला त्या नकाशात आपली गल्ली सापडत नाही, कारण तिथे नावाऐवजी भूखंडाचे क्रमांक असतात. अर्जावर मालकीचा पुरावा जोडायचा रकाना असतो आणि तो तिच्याकडे नसतो. तिने विचारलेच की यात आम्ही कोठे आहोत, तर तिला सांगितले जाते की हा आराखडा जमिनीच्या वापराचा आहे, त्यात व्यक्तींचा विचार होत नाही. अधिकारी खोटे बोलत नसतो. नियमच तसा आहे, आणि माझी तक्रार त्या नियमाविरुद्धच आहे.

क्रम उलटा करता येतो याचा पुरावा म्हणून मी अमेरिकेच्या अखत्यारीतल्या प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरील सान हुआन शहराचे उदाहरण थोडे सविस्तर देतो. तिथे मार्तिन पेन्या नावाच्या जलमार्गाच्या काठी, शहराच्या वित्तीय केंद्राला अगदी लागून, विसाव्या शतकात खेड्यांतून आलेल्या गरीब कुटुंबांनी दलदलीत भराव टाकून घरे बांधली. कालांतराने तो जलमार्ग गाळाने आणि कचऱ्याने भरला, आणि पाऊस जोराचा झाला की मैलापाणी घरांत शिरू लागले. जलमार्ग उपसायचा प्रकल्प पुढे आला तेव्हा त्याला विरोध करण्याचे कारणच नव्हते. मैल्यात राहायची हौस कोणाला नसते. पण तिथल्या लोकांनी हेही ओळखले की, पाणी स्वच्छ झाले की वित्तीय केंद्राशेजारची ही जमीन सोन्याची होईल आणि मग आपण तिथे राहणार नाही. २००२ ते २००४ या काळात तिथे शेकडो बैठका झाल्या. घरटी स्वतंत्र मालकीहक्क मागावेत की आणखी काही, यावर बराच खल झाला. प्रत्येकाला सुटा मालकीहक्क मिळाला तर अडचणीत सापडलेले पहिले कुटुंब जमीन विकेल, मग दुसरे विकेल, आणि राहिलेल्यांची ताकद कमी कमी होत जाईल, हे त्यांनी आधीच ताडले.

म्हणून त्यांनी सामुदायिक भूमी न्यासाचा मार्ग निवडला. २००४ च्या कायद्याने सुमारे २०० एकर सार्वजनिक जमीन या व्यवस्थेखाली आणण्याची वाट मोकळी झाली. जमीन न्यासाची राहते. घर कुटुंबाचे असते, आणि ज्या जागेवर ते उभे आहे ती वापरण्याचा नोंदणीकृत, वारसांकडे जाणारा हक्कही कुटुंबाचा असतो. घर विकता येते, पण त्याखालची जमीन सट्ट्यासाठी बाजारात येत नाही. प्रकल्पासाठी ज्यांना हलवणे अपरिहार्य होते त्यांना शक्यतो त्याच परिसरात घर देण्याचे तत्त्व ठरले. हे सगळे सुरळीत पार पडले असे मात्र नाही. २००९ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून जमीन न्यासाकडून काढून घेतली, लोक रस्त्यावर आणि न्यायालयात लढले, आणि २०१३ मध्ये ती परत मिळाली. जलमार्ग उपसण्याचे काम तर वर्षानुवर्षे रखडले. पण ज्या जमिनीचे मोल पुढे वाढणार होते ती, वाढण्याच्या आधी, तिथे राहणाऱ्यांच्या हाती सुरक्षित झाली. एरवी जे होते त्याच्या हे नेमके उलट, आणि तेही एका गरीब वस्तीने करून दाखवले.

वॉशिंग्टनमध्येही असा एक प्रयत्न झाला. अॅनाकॉस्टिया नदीवरच्या जुन्या पुलाच्या खांबांवर बाग उभारायची कल्पना पुढे आली, तेव्हा प्रवर्तकांनी बांधकामाला हात घालण्याच्या कितीतरी आधी, २०१५ मध्ये, नदीपलीकडच्या गरीब वस्त्यांतील घरे, रोजगार आणि छोटे व्यवसाय यांच्यासाठी समन्यायी विकासाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यातून तिथेही भूमी न्यास उभा राहिला. तो पुरेसा आहे का, यावर तिथले लोक अजून वाद घालतात आणि घालावाच. मला एवढेच दाखवायचे आहे की ‘आधी’ हा शब्द प्रशासनाच्या आवाक्याबाहेरचा नाही.

या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप पुरवठ्याचा आहे आणि तो मी टाळणार नाही. घरे कमी आणि मागणी जास्त असेल तर भाडी वाढणारच. म्हणून नियंत्रणे लादण्यापेक्षा भरपूर बांधा, असे अर्थतज्ज्ञ सांगतात. त्यात तथ्य आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर अधिक दाट बांधकामाला मुभा दिली आणि त्यानंतर तिथे घरबांधणी लक्षणीय वाढली. वस्तीत एकही नवी इमारत नको म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा नाही, विशेषतः ते म्हणणारे ऐसपैस बंगल्यांत राहणारे असतील तेव्हा. परंतु नवी घरे बांधून भाडी उतरायला वर्षे लागतात आणि करार संपायला एक दिवस पुरतो. शिवाय बांधकाम कोठे होते याला महत्त्व आहे. मोकळ्या जागेवर किंवा विरळ, सधन भागात मजले चढवले तर कोणी बेघर होत नाही; भाडेकरूंनी भरलेली जुनी स्वस्त इमारत पाडून तिथे तेच केले, तर शहरातल्या एकूण घरांत भर पडते आणि परवडणारी घरे घटतात. तरीही वाढीव चटईक्षेत्राची, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाच्या परवानगीची, खैरात बहुधा दुसऱ्या प्रकारच्या वस्त्यांवरच होते, कारण तिथून येणाऱ्या हरकतींना वकील नसतो.

भाडेनियंत्रणाबाबतही मी आंधळा पुरस्कार करणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ च्या मतदानाने १९८० पूर्वी बांधलेल्या छोट्या इमारतींनाही भाडेनियंत्रण लागू झाले. त्याचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दोन्ही बाजूंनी वाचण्याजोगा आहे. नियंत्रणाखाली आलेले भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता स्पष्टपणे वाढली, आणि त्याच वेळी अशा इमारतींतील भाड्याच्या घरांचा पुरवठा सुमारे १५ टक्क्यांनी घटला, कारण मालकांनी ती मालकी हक्काच्या सदनिकांत बदलली किंवा नवे बांधकाम केले. नियंत्रण निरुपयोगी आहे असा निष्कर्ष यातून काही जण काढतात. मला त्यात असे दिसते की ज्यासाठी कायदा केला ते झाले, आणि मालकांना घर भाड्याच्या बाजारातून बाहेर काढण्याची पळवाट उघडी ठेवली तिचा वापरही झाला. पळवाट बुजवणे हे कायदा करणाऱ्यांचेच काम आहे. पर्यटकांना दिवसाच्या बोलीने दिल्या जाणाऱ्या सदनिका ही अशीच दुसरी वाट. बार्सिलोनाने २०२४ मध्ये आपल्याकडच्या १०,१०१ पर्यटक-सदनिकांचे परवाने मुदत संपल्यावर वाढवून न देण्याचे आणि नोव्हेंबर २०२८ पर्यंत त्या रहिवाशांसाठी परत आणण्याचे जाहीर केले, ते याच कारणाने.

सार्वजनिक जमिनीबद्दल मात्र मला कोणतीही तडजोड मान्य नाही. तिजोरीत खडखडाट झाला की ती विकण्याचा मोह होतो, हे मी समजू शकतो. बर्लिनने २००४ मध्ये जवळपास ६५,००० सदनिका असलेली आपली एक गृहनिर्माण कंपनी सुमारे ४० कोटी युरोंना विकली. तिच्यावरचे कर्ज घेणाऱ्याने उचलले. सतरा वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच शहराने मोठ्या खासगी कंपन्यांकडून सुमारे १४,७५० सदनिका २.४६ अब्ज युरो मोजून विकत घेतल्या. मधल्या काळात शहराने स्वतः आणलेली भाडेमर्यादा जर्मनीच्या घटना न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये रद्द केली, कारण तो अधिकार शहराचा नसून केंद्राचा होता. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोठ्या कंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीत घ्यावीत असा कौल बर्लिनच्या मतदारांनी बहुमताने दिला. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने नगरपालिकांची घरे भाडेकरूंना सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. ज्यांना मिळाला त्यांचे भले झाले, पण गेलेल्या घरांच्या जागी तितकी घरे उभी राहिली नाहीत, आणि स्कॉटलंडने २०१६ मध्ये व वेल्सने २०१९ मध्ये तो हक्क रद्द केला.

व्हिएन्नाने उलट वाट धरली. पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत, १९२३ मध्ये, त्या शहराने घरांवर चढत्या दराचा कर बसवला, ज्यात आलिशान घरांना सर्वांत जास्त भार सोसावा लागे, आणि त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. ती शहराने विकली नाहीत. आज तिथे सुमारे २,२०,००० घरे नगरपालिकेच्या मालकीची आहेत, आणि नगरपालिकेची व अनुदानित घरे धरता निम्म्या शहराचा निवारा त्यांत आहे. श्रीमंतांच्या पेठा आणि गरिबांच्या चाळी अशी शहराची उघड फाळणी तिथे तुलनेने कमी दिसते, कारण अशी घरे सगळ्या भागांत विखुरलेली आहेत. २०१९ पासून तर मोठ्या प्रमाणावर नव्याने निवासी ठरवल्या जाणाऱ्या जमिनीवर दोन-तृतीयांश घरे अनुदानित असली पाहिजेत असा नियम आहे. या नियमाचा गुण असा की, जमीन विकत घेणाऱ्याला आधीच कळते की इथे अव्वाच्या सव्वा भाव देऊन चालणार नाही, आणि तो भाव मागणाराही थोडा नमतो. अपेक्षेलाच लगाम बसतो. व्हिएन्नाची शंभर वर्षांची पुंजी दुसऱ्या शहराला एका दिवसात मिळणार नाही हे मान्य. पण जमीन विकायची थांबवणे एका ठरावाने साधते.

‘परवडणाऱ्या’ घरांच्या अटीबद्दल एकच सांगतो. इंग्लंडमध्ये २०११ पासून आलेल्या एका योजनेत बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतचे भाडे परवडणारे धरले गेले. बाजारभाडे दुप्पट झाले की अशा परवडणाऱ्या भाड्याची ही मर्यादाही दुप्पट होते. मोजपट्टी राहणाऱ्याच्या उत्पन्नाला लावलेली नसेल, तर विकासकाकडून मिळवलेला तो राखीव हिस्सा कोणासाठी राखला हे आपण स्वतःलाच विचारावे.

आता माझे मागणे. रेल्वेमार्ग, बाग, नदीकाठ, चटईक्षेत्रवाढ यांपैकी कोणताही मोठा निर्णय जाहीर करण्याआधी त्या पट्ट्यात कोण राहते याची नोंद करावी. मालकांची नव्हे, राहणाऱ्यांची, म्हणजे भाडेकरू, पोटभाडेकरू, घरात धंदा करणारे, सगळ्यांची, आणि त्यासाठी मालकीऐवजी वास्तव्याचा पुरावा ग्राह्य धरावा. ही नोंद बेदखल करण्याच्या यादीसारखी वापरली जाईल अशी भीती लोकांना वाटेल आणि ती अनुभवातून आलेली असेल, म्हणून ती कशासाठी वापरता येणार नाही हेही कायद्यात लिहावे. घोषणेच्या दिवशीच, मागील तारखेपासून लागू होईल अशी, भाडेवाढीची मर्यादा आणि सबळ कारणाशिवाय करार न संपवण्याची अट असावी. त्या पट्ट्यातली सार्वजनिक जमीन विकली जाऊ नये. ती न्यासाकडे किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने सहकारी संस्थांकडे जावी. इमारत विक्रीला निघाली तर आधी भाडेकरूंना व नंतर शहराला ती घेण्याची संधी मिळावी, आणि त्यासाठी लागणारा निधी आधीच बाजूला काढलेला असावा, कारण पैशाविना दिलेला अग्रहक्क कागदावरच राहतो. हा निधी कोठून येईल असे विचाराल, तर आपल्याच निर्णयाने जमिनीच्या भावात जी वाढ होते तिच्यातला रास्त हिस्सा वसूल करण्यातून. ती वाढ कोणा मालकाच्या कष्टाची कमाई नसते.

यात काही गोष्टी कठीण आहेत. मागील तारखेपासून लागू केलेली अट न्यायालयात टिकेल अशा शब्दांत बसवावी लागेल. घोषणेआधी नोंद करायची आणि बातमीही फुटू द्यायची नाही, हे दोन्ही एकदम साधणे सोपे नाही. ठरावीक प्रकल्पाची वाट न पाहता सबंध शहराचीच वास्तव्य-नोंद कायम अद्ययावत ठेवली, तर मात्र ही अडचण बरीचशी सुटते. छोट्या घरमालकाचे, ज्याचा चरितार्थ दोन खोल्यांच्या भाड्यावर चालतो, नुकसान होऊ नये म्हणून दुरुस्तीच्या खर्चाला अनुदान आणि महागाईच्या प्रमाणात भाडेवाढीची मुभा द्यावी लागेल. नवे येणारे रहिवासीही शत्रू नाहीत. त्यांतले पुष्कळ जण दुसऱ्या एखाद्या वस्तीतून भाड्यापायीच निघालेले असतात.

शेवटची विनंती अहवालाची. दरवर्षी जो प्रगती अहवाल आपण प्रसिद्ध करता, त्यात किती किलोमीटर रस्ते झाले आणि किती झाडे लावली या रकान्यांच्या शेजारी आणखी एक रकाना घालावा: प्रकल्प जाहीर झाला त्या दिवशी तिथे राहणाऱ्या कुटुंबांपैकी पाच वर्षांनंतर किती तिथेच आहेत, आणि जी नाहीत ती कोठे आहेत. सध्या ज्या प्रकल्पांचे आराखडे आपल्या टेबलावर आहेत, निदान त्यांच्यासाठी ही पहिली नोंद केव्हा सुरू होणार, त्याची तारीख कळवावी. उत्तर मला व्यक्तिशः पाठवण्याची गरज नाही. ते त्या त्या वस्तीत, लोकांना वाचता येईल अशा ठिकाणी आणि अशा भाषेत लावावे.

कळावे,

आपला,
एक भाडेकरू नागरिक